आत आठ, बाहेर आठ

१

एकतीस वर्षं मी फेरीबोटीवर काढली. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, ह्या काठावरून त्या काठावर, दिवसाला अठरा खेपा. गाड्या आत घ्यायच्या, माणसं मोजायची, फळी उचलायची. पलीकडे पोचलं की फळी टाकायची आणि उतरणारी माणसं परत मोजायची. कप्तान येत-जात राहिले, पण फळीपाशी मी, गुनवोर ह्येल्ले, उभी आहे म्हटल्यावर कोणी दुसऱ्यांदा आकडा विचारत नसे. मुठीत मावणारं मोजायचं यंत्र असतं ना, अंगठ्यानं दाबलं की टिक करून आकडा पुढे सरकतो, त्याचा घट्टा अजून माझ्या अंगठ्यावर आहे. एकतीस वर्षांत आत किती नि बाहेर किती, ह्यात एका माणसाचाही फरक आला नाही. एकदा एक माणूस कमी भरला म्हणून मी बोट अकरा मिनिटं धक्क्याला धरून ठेवली होती. कप्तान माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. शेवटी तो माणूस लाइफजॅकेटांच्या पेटीमागे घोरताना सापडला. फुशारकी म्हणा हवं तर. खरी असली की फुशारकीही शोभते.

मग पूल झाला आणि बोट बंद पडली. मला बदामाचा केक मिळाला, भाषण मिळालं. यंत्र मी कोटाच्या खिशातून घरी आणलं, कोणी मागितलं नाही.

सुनिव्हा माझ्या भावाची मुलगी. बर्गनला इस्पितळात नर्स आहे, दुपारनंतरची ड्यूटी असते. ती भेटायला आली तेव्हा मी खिडकीशी बसले होते.

"आत्या, काय करतेयस?"

"कावळे बघतेय."

"बघतेयस की मोजतेयस?"

"अकरा," मी म्हटलं.

"बास झालं! उद्यापासून तू माझ्याबरोबर कॉम्प्युटरवर खेळायचं. आम्ही टोळी करून खेळतो, रोज सकाळी दहाला. कॉफी घेऊन बसायचं, कानाला हेडफोन लावायचा, गप्पा मारत लढायचं. माणसं चांगली आहेत."

"मी सदुसष्ट वर्षांची आहे गं."

"मग काय झालं? तिथे कोणी चारशे वर्षांचा आहे, कोणाला शिंगं आहेत. तुझं कोण बघतंय!"

२

पहिल्या दिवसाची गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगते. खेळात शिरताना आधी आपलं शरीर घडवावं लागतं. सुनिव्हाला वाटलं मी कोणी सोनेरी केसांची परी होईन. मी माझ्यासारखीच बाई केली, जाड पोटऱ्यांची, करड्या केसांची, आणि नाव दिलं गुनवोर. "आत्या, खरं नाव नाही द्यायचं!" असं ती ओरडेपर्यंत मी बटण दाबलं होतं. खरं नाव सोडून दुसरं देण्यासारखं मी काय केलंय?

पहिल्याच मिनिटाला मी धक्क्यावरून पाण्यात पडले. मी! धक्क्यावरून! त्यानंतर एका घोड्याला नमस्कार केला, कारण तो मला माणूस वाटला. मग एका हंसानं मला ठार मारलं, आणि तीच बाई पुन्हा पहिल्यापासून घडवावी लागली. हेडफोनमध्ये टोळीतली माणसं हसून हसून खोकायला लागली.

"गुनवोरबाई, हंसाला नाही हो कोणी मरत," आइलिफ म्हणाला. हा आमचा म्होरक्या. पाठ गेली म्हणून रेल्वेतून लवकर घरी बसलेला, आवाज मात्र फलाटावरच्या भोंग्यासारखा.

"उद्या बघ त्या हंसाकडे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्या हंसाला मी नाकावर टिच्चून मारलं. आठवड्याभरात मला चालता येऊ लागलं, कंदील धरता येऊ लागला, डावं-उजवं कळू लागलं. टोळीत माझ्यासकट आठ जण झालो: आइलिफ, सुनिव्हा, साल्मनच्या तळ्यांवर काम करणारा मोन्स, एक निवृत्त शाळामास्तर, एक सुईण, उत्तरेकडचं एक नवरा-बायकोचं जोडपं, आणि मी. पडद्याच्या कोपऱ्यात आठ नावांची यादी असे. सकाळी ती नावं एकेक करून उजळली की मला धक्क्यावर दिवे लागल्यासारखं वाटे.

३

डोंगराच्या पोटात एक खाण आहे, खेळातली. तिचं लोखंडी दार सकाळी दहाला उघडतं. आत सोनं, राक्षस, काय काय असतं म्हणे, मी कधी आत गेले नाही. साडेअकराला खाणीत पाणी चढू लागतं. त्याच्या आधी सगळ्यांनी बाहेर यायचं आणि बाहेरच्या माणसानं चाक फिरवून दार लावायचं. दार लावायला उशीर झाला तर उंबऱ्याबाहेर उभी असलेली सगळी टोळीही वाहून जाते. लवकर लावलं तर आत राहिला तो गेला. दार दुसऱ्या दिवशी दहापर्यंत उघडत नाही, आणि ह्या खेळात मेलेलं पात्र परत येत नाही. सुनिव्हाचं पात्र सहा वर्षांचं होतं. आइलिफचं नऊ.

खाणीत माणसाच्या डोक्यावर नाव दिसत नाही. सगळ्यांना सारखेच मेणकापडाचे टोपीवाले कोट, हातात कंदील. यादी फक्त कोण जिवंत आहे ते सांगते, कोण आत नि कोण बाहेर ते सांगत नाही. म्हणून प्रत्येक टोळीचं आठवड्याला एखादं माणूस तरी दारामागे राहायचं. दारावर उभं राहण्याचं काम कंटाळवाणं, तेव्हा ते नव्या माणसाच्या गळ्यात मारायची रीत होती.

"कंटाळा आला तर सांगा हं," आइलिफ म्हणाला.

कंटाळा? मी कपाटातून यंत्र काढलं. उजवा हात चाकावर, डावा अंगठा यंत्रावर. माणूस उंबऱ्यातून गेला की टिक. एक कंदील, एक टिक. पावलं कानात ऐकू यायची, ओल्या लोखंडावर वाजल्यासारखी.

"आत आठ!" मी ओरडले.

दीड तासानं बाहेर येताना पुन्हा टिक, टिक, टिक. पाणी मागून गुरगुरत होतं. "बाहेर आठ!" मी चाक फिरवलं. दार बसलं तेव्हा पाणी आतून लोखंडावर आदळलं, आणि टोळी एवढी ओरडली की मी हेडफोन कानापासून लांब धरला.

चाळीस दिवस. चाळीस दिवसांत आमचं एकही माणूस मागे राहिलं नाही. दुसऱ्या टोळ्या बघायला येऊ लागल्या. कोणी आजारी असलं की यादीत सात नावं, माझ्या यंत्रात सात. दोन नसले की सहा नि सहा. सुनिव्हा सगळ्यांना सांगत सुटायची, "ती माझी आत्या आहे बरं का!" आणि मी खिडकीशी बसून थंड कॉफी पीत स्वतःशीच हसायची. पूल झाल्यापासून इतकं ताठ मी बसले नव्हते.

४

एक्केचाळिसाव्या दिवशी मला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. म्हणून आदल्या दिवशी खेळ संपल्यावर मी मोन्सला दाराचं काम समजावून देत होते. पोरगा सरळ आहे, फक्त डोकं माशांत.

"यादीत आहे तो आकडा दारावर भरला पाहिजे," मी म्हटलं. "उद्या मी नाही. यादीत सात. म्हणजे तुझे सात जाणार, सात येणार."

"सहा ना?" मोन्स म्हणाला.

"सात रे बाबा. यादी मोज."

"यादीत सात, पण त्यातला एक मी. मी तर दारावर असणार. मग माझ्यासमोरून सहाच जातील."

"तू दारावरचा माणूस," मी जरा चढूनच म्हटलं. "खलाशाला कोण मोजतं? बोटीवर मोजायची ती उतारू माणसं. मोजणारा मोजणीत नसतो. एवढंसुद्धा..."

मी हातातल्या यंत्राकडे पाहिलं.

"हॅलो? गुनवोरबाई? आवाज गेला का तुमचा?"

"गेला," मी म्हटलं आणि हेडफोन काढला.

साखरेच्या डब्यातून आठ खडे काढून मी टेबलावर मांडले. आठ नावं. एक खडा बाजूला ठेवला, ती मी. उरले सात. माझ्यासमोरून सात जायला हवे होते. मी चाळीस दिवस आठ मोजत होते, जाताना आठ, येताना आठ. यादीशी आकडा जुळत होता म्हणून मला कधी शंका आली नाही, आणि आइलिफला वाटत होतं की मी स्वतःला धरून आठ म्हणतेय. बोटीची सवय! एकतीस वर्षं मी स्वतःला कधी मोजलं नव्हतं.

साखरेचे खडे मी तीनदा मोजले. खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं, शेजारी शिडी लावून छपरावरचा बर्फ ओढत होता. मी उठून दाराची कडी लावली. का लावली ते मलाच सांगता आलं नसतं.

५

दुसऱ्या दिवशी दात भरून येते तो मोन्सचा निरोप: "आत सहा, बाहेर सहा. मज्जा आली!"

म्हणजे त्याच्या हाताखाली आकडा बरोबर होता. फरक पडायचा तो मी दारावर असताना. मला झोंबलं ते हे. एक तर माझे डोळे गेले होते, अंगठा दोनदा दाबला जात होता. नाही तर ते जे काही होतं ते माझ्याच मोजणीत जात-येत होतं. पहिलं खरं असावं अशी मी मनातून प्रार्थना केली, आणि पहिलं खरं असेल ह्या विचारानंच मला रडू आलं. काय पण माणसाचा अभिमान!

मी टोळीला सगळं सांगून टाकलं. लपवायची सवय नाही.

आइलिफ खाकरला. "गुनवोरबाई, वाईट नका वाटून घेऊ. वयोमानानं होतं. आपण मोन्सला दारावर ठेवू. तुम्ही आमच्याबरोबर आत या, मजा करा."

"मजा?" मी म्हटलं. "माझी मोजणी चुकली म्हणतोस?"

"तसं नाही, पण..."

"पण काय पण! मला एक दिवस दे. उद्या प्रत्येकानं उंबऱ्यातून जाताना आपलं नाव मोठ्यांदा सांगायचं. चुकले तर चाक मोन्सचं, मी हूं की चूं करणार नाही."

"दे रे तिला," सुनिव्हा मध्येच म्हणाली. ती कोणाचं वाक्य कधी पुरं होऊ देत नसे. "माझी आत्या आहे, माझा जीव तिच्या हातात आहे, मला भीती नाही तर तुम्हाला कसली?"

६

दहाला दार उघडलं.

"आइलिफ!" भोंगा वाजला. टिक. "मोन्स." टिक. "सुनिव्हा, आत्या, हा बघ मी हात हलवला!" टिक. "मास्तर हजर." टिक.

मग एक कंदील आला. बाकीची मंडळी खेळात नेहमी धावत, उड्या मारत जातात, जागच्या जागीसुद्धा नाचतात. हा कंदील चालत आला. सावकाश, भिंतीला हात लावून, अनोळखी बोटीवर चढणारी माणसं चढतात तसा.

"नाव?" मी म्हटलं.

कंदील माझ्यासमोरून गेला. टोपीच्या आत मला काही दिसलं नाही. अंगठा यंत्रावर होता, पण मी दाबला नाही.

"नाव सांग!"

"अहो, मी सुईण, अजून तुमच्यापाशी पोचलेसुद्धा नाही," मागून आवाज आला. "कोणावर ओरडताय?"

"तुझ्यापुढे कोण गेलं?"

"मास्तर गेले ना आत्ता."

मास्तर कधीच आत पार लांब गेले होते, त्यांचं खोकणं मला बारीक ऐकू येत होतं. सुईण गेली, जोडपं गेलं. यंत्रावर सात. एकदम बरोबर सात. माझे डोळे शाबूत होते! सांगायला नको, पण भीतीच्या आधी मला आनंद झाला. बघा म्हणावं, गुनवोर चुकली नव्हती.

त्या दीड तासात मी एकच ठरवलं. नाव घेऊन येईल त्याला बाहेर घ्यायचं. सात नावं झाली की चाक.

साडेअकराला पाणी गुरगुरलं आणि मंडळी धावत आली. आइलिफ, मोन्स, जोडपं, सुईण, मास्तर. सहा. मागे दोन कंदील होते, एकमेकांच्या जवळ.

"सुनिव्हा," पुढचा कंदील म्हणाला. सुनिव्हाचाच आवाज. टिक. सात.

मी चाक फिरवलं. मागचा कंदील उंबऱ्यापासून चार हातांवर होता. दार बसलं, पाणी आदळलं.

"सात!" मी ओरडले. "माझ्यासकट आठ!"

टोळीनं जल्लोष केला. यादीत आठही नावं उजळ होती, एकही विझलं नव्हतं. आइलिफ म्हणाला, "बाई, माझे शब्द मी गिळतो, मीठ लावून गिळतो." सुनिव्हा हसली आणि म्हणाली की आज कालचं माशांचं सूप उरलंय, स्वयंपाक नाही करायचा.

आणि त्याच क्षणी, तिच्या त्या हसण्याच्या खालून, सुनिव्हा म्हणाली, "आत्या, दार का लावलंस? मी आत आहे."

७

हेडफोन टेबलावर टाकून मी सुनिव्हाला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"काय गं आत्या?"

"तू कुठे आहेस?"

"घरी, खुर्चीत. तुझ्यासमोरच तर उभी होते. असा का आवाज लागलाय तुझा?"

"तू ठीक आहेस ना?"

"मस्त आहे. काय मोजलंस आज! सगळे तुझंच गुणगान करतायत."

मी फोन ठेवला. टेबलावरच्या हेडफोनमधून अगदी बारीक आवाज येत होता. मी कान जवळ नेला नाही, तरी शब्द कळले. "आत्या, दहा कधी वाजतील?"

त्यानंतरचे दिवस माझ्या मानाचे होते, खोटं कशाला बोलू. आइलिफनं मला टोळीतर्फे पदवी दिली, 'दारवान'. माझ्या नावापुढे सोनेरी अक्षरात दिसायची. दुसऱ्या टोळ्यांची नवी माणसं माझ्याकडे शिकायला यायची, आणि मी त्यांना पहिला धडा द्यायची: आधी स्वतःला मोजा. यंत्रावर रोज सात जात, सात येत. आठवा कंदील पुन्हा दिसला नाही.

फक्त रोज दहाला दार उघडलं की खाणीच्या खोल तळातून आवाज यायचा, "दहा वाजले का?" मंडळी आत शिरली की तो आणखी खाली जायचा. साडेअकराला दार बसताना पुन्हा यायचा, आणि तेव्हा तो काही विचारत नसे, नुसती हाक मारायचा. बाकी कोणाला तो ऐकू येत नव्हता.

"मोन्स, आत तुम्हाला कोणी दिसतं का रे?" मी एकदा विचारलं.

"कोण?"

"काही नाही."

काय सांगणार होते? एका अनोळखी माणसासाठी बोट अकरा मिनिटं धरून ठेवणारी बाई मी. आणि मीच चाळीस दिवस मोजून आत सोडलेल्या जिवावर, मोजून बाहेर न काढता, दार लावलं होतं. तो जीव कोण होता हे मला माहीत नव्हतं. माझ्या भावाची मुलगी आत राहिली आणि दुसरंच काही बाहेर आलं, की आत राहिलेलं मला फसवायला तिचा आवाज काढत होतं? रोज रात्री जेवताना मी एका बाजूनं विचार करायची, आणि सकाळी दात घासताना दुसऱ्या बाजूनं.

फोनवरची सुनिव्हा चांगली होती. पूर्वीपेक्षा चांगली. आता ती माझं वाक्य पुरं होऊ द्यायची, मग जरा थांबायची, आणि मगच बोलायची. मी भावाला म्हटलं तर तो म्हणाला, "मोठी झाली. बरं झालं." माणूस शहाणं झालं म्हणून कोणी तक्रार करतं का?

८

ईस्टरला ती सुट्टी घेऊन माझ्याकडे आली. पिशवीभर संत्री आणली होती, दरवर्षीसारखी. बाहेर कालपासून बर्फ पडत होता. तिनं आपला लॅपटॉप माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडला, मी खिडकीशी माझ्या जागेवर. दहाला आम्ही दोघी एकाच खोलीतून खेळात शिरलो.

आत सात. त्यातली एक माझ्या पाठीमागे बसून संत्रं सोलत होती.

साडेअकराला पाणी वाजलं. मंडळी नावं घेत बाहेर आली. शेवटी हेडफोनमध्ये आणि खोलीत एकदमच आवाज आला, "सुनिव्हा." टिक. सात.

"लावा दार!" आइलिफ म्हणाला.

खाणीत, पार तळाशी, एक कंदील दिसला.

"आत्या, थांब," तो म्हणाला. दमलेला होता. "पायऱ्या मोठ्या आहेत गं, मी येते, तू थांब फक्त, लावू नकोस, लावू नकोस हं..."

एका श्वासात सगळं, मध्ये कुठे थांबणं नाही.

"बाई, दार!" आइलिफ ओरडला. "सगळे बाहेर आहेत, यादी बघा! पाणी दिसतंय मला!"

"एक आत आहे," मी म्हटलं.

"कोणी नाही आत! नऊ वर्षं आहेत हो माझी!"

"मला माहीत आहे किती आहेत."

माझ्या मागे संत्र्याचं साल निघणं थांबलं. "आत्या," खोलीतली सुनिव्हा शांतपणे म्हणाली. जरा थांबली. "दार लाव."

मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात ढळला असता. चाकावर हात, यंत्रावर अंगठा. पाणी उंबऱ्याला लागलं, मग माझ्या त्या जाड पोटऱ्यांना. मोन्स शिव्या देत होता, सुईण रडत होती. माझी पदवी, माझा चाळीस दिवसांचा मान, सगळ्यांची मिळून तीस-चाळीस वर्षं त्या चाकावर टांगली होती, आणि मी ते धरून होते. इतकी भीती मला जन्मात वाटली नव्हती. आणि खरं सांगते, इतकी ताठही मी कधी उभी राहिले नव्हते. जे मोजून आत सोडलं ते मोजून बाहेर काढायचं. ते कोण आहे, कसं आहे, हे विचारणं फळीवरच्या माणसाचं काम नाही.

कंदील चालत आला. भिंतीला हात लावून. उंबऱ्यातून माझ्या अगदी जवळून गेला, आणि कोटाचं मेणकापड घासल्याचा आवाज माझ्या कानात आला.

टिक.

मी सगळं अंग टाकून चाक फिरवलं. दार बसलं. उंबऱ्याबाहेर गुडघाभर पाणी हेलकावलं, ओसरलं. यादीत आठही नावं उजळ होती. कोणी गेलं नव्हतं.

"आठ," मी माइकमध्ये म्हटलं. माझा आवाज कापला नाही, ह्याचा मला अजून अभिमान आहे. "आत आठ सोडले होते. बाहेर आठ आले. कोणी मागे राहिलं नाही."

"सात, बाई," आइलिफ दमल्या आवाजात म्हणाला.

मी हेडफोन काढला. आतली हाक बंद झाली होती. इतक्या दिवसांनी खोली एवढी शांत होती की मला भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं.

मग बाहेर, माझ्या घराच्या पायरीवर, कोणीतरी बुटांवरचा बर्फ आपटून झटकला. एक पाय. दुसरा पाय.

पाठीमागे खुर्ची सरकली. "आत्या," टेबलापाशी उभी असलेली सुनिव्हा म्हणाली, आणि ह्या वेळी ती मध्ये थांबली नाही. "कोणाला बाहेर काढलंस तू?"

दारावर थाप पडली. संत्र्याचा वास सगळ्या खोलीत भरला होता. मी पहिल्यांदाच वळून तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, दाराकडे बघत होती, आणि सोललेली फोड तिनं मुठीत चिरडली होती. इतकी घाबरलेली मी तिला लहानपणीसुद्धा पाहिली नव्हती. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की ही माझीच पोर असेल.

"आत्या, उघडू नको," ती कुजबुजली.

"आत्या, उघड ना गं, गार पडलेय मी," बाहेरून सुनिव्हा म्हणाली.

मी उठले, कोट नीट केला आणि कडीला हात घातला.